सेगेडच्या गाडीतून दिसलेलं सपाट

पुणे, रविवार

प्रिय नंदू,

हंगेरीत सेगेडच्या गाडीतून पाठवलेला फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, "तासभर झाला, बाहेर काही नाही, नुसतं सपाट." अरे, ज्याला तू काही नाही म्हणतोस, तिथे याझिगे लोकांनी तीनशेहून जास्त वर्षं घोडे चारले!

याझिगे म्हणजे सार्मेशियनांतली एक जमात. भटके पशुपालक, भाषा इराणी कुळातली. आधी ते काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ पट्ट्यात होते. रोमन कवी ओव्हिड त्या किनाऱ्यावर हद्दपारी भोगत होता, तेव्हा गोठलेल्या डॅन्यूबवरून गाड्या हाकणारे याझिगे त्याच्या कवितेत आले. पुढे पहिल्याच शतकात ते डॅन्यूब आणि तिसा या नद्यांच्या मधल्या, म्हणजे तुझ्या त्या सपाट मुलखात उतरले.

मला वेड लावलं ते चिलखताने. पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने अथेन्सच्या देवळात एक सार्मेशियन चिलखत पाहिलं होतं. घोड्यांचे खूर गोळा करायचे, साफ करून चिरायचे, त्याचे खवले पाडायचे आणि घोड्याबैलांच्या स्नायूंच्या दोऱ्याने शिवायचे. दिसायला कसं? तो म्हणतो, पाइनचं हिरवं फळ पाहिलंय ना, तसं. वर, हे ग्रीक चिलखतांपेक्षा कमी नाही, अशी पावतीही देतो. त्याच्या मते त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, पण म्हणून अडून बसले नाहीत, बघ.

मग रोमन बादशहा मार्कस ऑरेलियसशी याझिग्यांचं युद्ध पेटलं. एका हिवाळ्यात गोठलेल्या डॅन्यूबवरच गाठ पडली. याझिग्यांचे घोडे बर्फावर धावायला तयार केलेले, त्यामुळे रोमन घसरणार हे त्यांनी गृहीतच धरलं. पण रोमनांनी ढाली बर्फावर टाकल्या, एक पाय ढालीवर रोवला आणि घोडे अंगावर येताच लगाम धरून ओढले. उताणा पडलेला रोमन वरच्या गड्याला पायांनी मागे भिरकावत होता, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. हा सरळसरळ तालमीतला डाव! हे सगळं शत्रूच्या बाजूने लिहिलेलं, तेव्हा थोडं तिखटमीठ वगळून वाच.

बादशहाला तर जमात मुळासकट संपवायची होती. पण इ.स. 175 मध्ये पूर्वेकडे त्याच्याच सेनापतीने बंड केलं आणि घाईने तह करावा लागला. याझिग्यांचा राजा झँटिकस स्वतः शरण आला. त्यांनी एक लाख रोमन कैदी परत केले आणि वर आठ हजार घोडेस्वार दिले. त्यांतले साडेपाच हजार थेट ब्रिटनला रवाना!

हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. गवताच्या मैदानातली पोरं, समुद्रापार, धुक्यात. साठेक वर्षांनंतरही लँकेशायरमधल्या रिबचेस्टरच्या शिलालेखात "सार्मेशियन घोडेस्वारांची तुकडी" आहेच. तोवर त्यांतल्या कितीजणांना तिसा नदी आठवत असेल, कोण जाणे.

तुझी ताई मँचेस्टरला आहे ना अजून? तिला चेस्टरच्या ग्रोव्हनर संग्रहालयात पाठव. तिथे थडग्याचा एक झिजलेला दगड आहे: उंच निमुळतं शिरस्त्राण घातलेला, दोन्ही हातांनी निशाण उचललेला स्वार. तो सार्मेशियन असावा असं मानतात. फोटो नीट उजेडात काढायला सांग, आणि तू परतताना खिडकीशी बस.

तुझा,
श्रीपाद