मुग्धास, साताऱ्याहून

सातारा, 9 ऑगस्ट

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

आजी आता वॉकर घेऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते. व्यायाम झाला की पहिला प्रश्न, "पोरीचा फोन आला का?" फोनवर आपण दोघं पाच मिनिटांत आवाज चढवतो, म्हणून लिहायला बसलो. मराठी शाळेत शनिवार घालवलेस त्यांचा आज उपयोग होऊ दे. सावकाश वाच.

मे महिन्यात तू केमिस्ट्री सोडलीस आणि ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, आला, हे आईकडून कळलं. रात्र रात्र झोप लागत नव्हती, हेही कळलं. मी रागावलेलो नाही. पण ते कळल्यावर मी एक गोष्ट केली, ती तुला सांगायला हवी. इथून रात्री तुझ्या कॉलेजात फोन लावला. पलीकडच्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही काहीच सांगू शकत नाही. तो 1974 चा कायदा आहे. कॉलेजात नाव घातलं की मुलांच्या नोंदींवर हक्क त्यांचा, फी भरणाऱ्या बापाचा नाही. आधी मला चीड आली. मग अंगणात येरझाऱ्या घालताना लक्षात आलं, की त्या दारातून तुझ्याऐवजी मी जाऊच शकत नाही. तुलाच जावं लागेल.

जा म्हणतोय ते काउन्सेलरकडे. हा शब्द ऐकून आई घाबरली, कारण आपल्याकडे समुपदेशक म्हणजे मन बिघडलेल्यांसाठी, असा समज. तुमच्या कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, दोन वेगळी माणसं आहेत. एक, अभ्यासाचा आराखडा करून देणारे. ते कारकून नाहीत; प्राध्यापकांच्या दर्जाचे, मास्टर्स केलेले असतात. दुसरे आरोग्य केंद्रातले, मनावरचा भार ऐकणारे. तुला सध्या दोघांचीही गरज आहे, असं मला वाटतं, आणि यात कमीपणा अजिबात नाही.

पहिल्यांकडे तातडीने जा. आजवर तू मैत्रिणींना विचारून आणि व्हॉट्सॲपवर वाचून वर्ग घेतलेस. तुला पुढे ट्रान्सफर होऊन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, डेव्हिस कॅम्पसला बायोलॉजी करायची आहे. असिस्टच्या साइटवर तुझ्या कॉलेजचा कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सऐवजी धरतात ते दिसतं, हे तू मला दाखवलं होतंस. पण केमिस्ट्रीची मालिका एका क्वार्टरने, म्हणजे एका सत्राने, घसरली की पुढचं सगळं कसं हलतं, ते त्या तक्त्यात दिसत नाही. ट्रान्सफरला 90 क्वार्टर युनिट्स लागतात, ती भरतीलही. पण ती योग्य विषयांची आहेत का, हे समोर बसून कोणीतरी बघायला हवं.

यूसीच्या सहा कॅम्पसना टॅग आहे, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. त्यात डेव्हिस आहे. बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो नाहीत. अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो, तोही 1 ते 30 सप्टेंबर याच दिवसांत. तुझ्या विषयाला तो लागू आहे का आणि केमिस्ट्री कधीपर्यंत संपवावी लागेल, हे दोन प्रश्न कागदावर लिहून ने. तिसरा त्या डब्ल्यूचा. आजारपण किंवा घरातलं संकट अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने विषय सोडला असेल तर ईडब्ल्यू, म्हणजे माफ केलेला डब्ल्यू, मागता येतो, तो प्रगतीच्या हिशेबात धरत नाहीत. आजीला झटका आला तो आठवडा आणि तुझी झोप गेली ते आठवडे एकच होते. हे त्यांना सांग. लपवू नकोस.

सल्ल्याने खरंच फरक पडतो का, असं तू विचारशील, म्हणून एक आकडा. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी असॅप नावाची योजना काढली. मोजक्याच मुलांकडे लक्ष देणारा सल्लागार, त्याच्याकडे नियमित जायची सक्ती, मेट्रोचा पास, फीत मदत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडून तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत डिग्री मिळवणारे योजनेत 40 टक्के निघाले आणि योजनेबाहेर 22. मुलं तशीच होती. त्यांच्यामागे कोणीतरी उभं होतं.

आता माझं. हे आईलाही अर्धंच माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझा वायडी झाला, म्हणजे वर्ष वाया गेलं. एम-थ्री म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरसकट इतके विषय राहिले, की राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जायच्या एटीकेटीतही बसलो नाही. सहा महिने घरी कळवलं नाही. आजोबा पत्रात "तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घेतलीस का" विचारायचे आणि मी "हो" लिहायचो. पुस्तकांसाठी आलेल्या पैशांतून मेसचं बिल भरायचो. विचारायला कोणी नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. गणिताचे एक सर होते, सगळे म्हणायचे ते मदत करतात. मी तीनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आतून खडूचा आवाज येत होता. तीनदा परत आलो.

तेच भय मी तुझ्यात घातलं असावं, असं इथे आल्यापासून सारखं वाटतं. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "मुग्धा कुठे असते?" की मी कॉलेजचं नाव न घेता प्रसादाचा विषय काढायचो. तू शेजारीच उभी होतीस. ते चुकलं माझं. तुझ्या कॉलेजचा मला अभिमान आहे आणि यंदा गणपतीत मी ते मोठ्याने सांगणार आहे.

आरोग्य केंद्रातल्या बाईंकडे गेलीस तर तिथे काय बोललीस, हे मी किंवा आई विचारणार नाही. झोपेचं मात्र त्यांना नक्की सांग. रात्री फारच असह्य झालं तर आईला उठव, आणि 988 हा मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

अपॉइंटमेंट आजच घे, सप्टेंबर जवळ आला की गर्दी होईल. परतलीस की मला फक्त "जाऊन आले" एवढं पाठव. तुझ्याकडे दुपार असली तरी मी इथे जागा असेन.

तुझा,
बाबा