मोतीच्या मानेवरची ती दोन छिद्रे

पुणे, शनिवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मी रागाने बोलले, त्याबद्दल दोघांनीही मला क्षमा करावी. व्हॅक्सिन डेपोजवळच्या गल्लीत त्या मोठ्या कुत्र्याने मोतीची मान धरली आणि बाबांनी दोघांच्या मध्ये हात घातला, हे आई सांगत असताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फोनवर जे नीट सांगता आले नाही ते सविस्तर लिहून, आज रात्रीच्या गाडीने बेळगावला निघालेल्या मामांच्या हाती पाठवत आहे.

बाबा, सर्वांत आधी तुमच्या हाताविषयी. तुमच्या मनगटाला दात लागला तो त्या परक्या कुत्र्याचा नव्हे, आपल्या मोतीचा. यात त्याचा दोष नाही. झुंजीत सापडलेल्या कुत्र्याला मालकाचा हात ओळखू येत नाही. अंगाला जे लागेल त्याला तो चावतो. म्हणून कितीही कळवळा आला तरी कुत्र्यांच्या तोंडाजवळ किंवा गळपट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. मागचे पाय धरून मागे ओढावे, असे कोणी सांगेल. पण त्यासाठी दोन्ही कुत्र्यांकडे एकेक धडधाकट माणूस लागतो आणि तरीही चावा बसण्याचा धोका राहतोच. तुमच्या वयात तो मार्ग नको. दात रुतलेले असताना मोतीला साखळीने ओढणे तर त्याहून वाईट, कारण त्या ओढीने मांस फाटते.

मग करायचे काय, असे तुम्ही विचारले होते. जूनपासून गणपतीपर्यंत तुमच्या हातात छत्री असतेच. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर ती झटकन उघडून आडवी धरली, तर पुष्कळदा ते बिचकून थांबते. बेवारस कुत्रे असेल तर दगड उचलल्यासारखे वाकले तरी बरीचशी मागे सरतात. पाळलेल्या कुत्र्यावर मात्र त्याचा परिणाम होईलच असे नाही. खिशात बिस्किटांचा पुडा ठेवावा आणि कुत्रे अजून दूर असतानाच मूठभर तुकडे त्याच्या दिशेने जमिनीवर विखरून टाकावेत. अंग ताठ, शेपटी वर आणि स्थिर, तोंड मिटलेले, नजर मोतीवर रोखलेली, असे कुत्रे दिसले की पळायचे नाही आणि त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही. सावकाश वळून दुसऱ्या बाजूने निघायचे. झुंज लागलीच तर बादलीभर पाणी तोंडावर मारणे, पत्र्यावर किंवा फाटकावर काठी आपटून मोठा आवाज करणे, दोघांच्या मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवणे, जाड चादर अंगावर टाकणे, यांपैकी जे हाताशी असेल ते करावे. तुमचा तोल जात असेल तर साखळी सोडून द्या. काँग्रेस रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर साखळी सोडणे जिवावरचे ठरू शकते, म्हणून फिरणे आतल्या गल्ल्यांतच ठेवा.

आता मोतीच्या जखमेविषयी. आई, तू मायेने हळद भरलीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या गुडघ्यांनाही तू तीच लावायचीस. पण कुत्र्याचा चावा खरचटण्यासारखा नसतो. दात आत शिरतो, ते कुत्रे मान झटकते आणि बाहेर दोन बारीक छिद्रे दिसत असली तरी आतले कातडे मांसापासून सुटून तिथे पोकळी झालेली असते. तोंडातले जंतू त्या पोकळीत राहतात, वरचे छिद्र लवकर मिटते आणि दोन-तीन दिवसांत आत पू धरतो. मोतीचे नेमके हेच झाले. रविवारी ‘दोनच टोचे आहेत’ म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, मंगळवारी मान सुजली आणि बुधवारी डॉक्टरांना जखम उघडून पू काढावा लागला. अशी खोल जखम डॉक्टर कित्येकदा मुद्दामच पूर्ण शिवत नाहीत; आतले पाणी वाहून जावे म्हणून वाट ठेवतात. ती उघडी दिसते म्हणून घाबरू नका आणि तिच्यावर हळद, चुना, कॉफीची पूड असे काहीही लावू नका. पुन्हा असे घडलेच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि जखम कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जोरात चालू लागला किंवा छाती-पोटावर चावा बसला, तर एक क्षणही थांबू नये. दुखऱ्या कुत्र्याला चादरीत घालून उचलावे, कारण तोही चावू शकतो. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला कधीही देऊ नका. माणसांच्या या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.

बाबा, तुमच्या रेबीजच्या लसीचे सोमवारचे आणि गुरुवारचे डोस झाले. येत्या सोमवारी ७व्या दिवसाचा आणि त्यानंतर २८व्या दिवसाचा, असे दोन राहिले आहेत. ‘आपलाच मोती, त्याला दरवर्षी लस देतो’ असे म्हणून ते टाळू नका, कारण त्याच्या तोंडाला त्या वेळी दुसऱ्या कुत्र्याची लाळ लागलेली होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार जवळजवळ नाहीच. वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला अडवते. रक्त आले असते तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही घ्यावे लागले असते. तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा मनगट लाल झाले किंवा सुजले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मोतीलाही, नेहमीची लस झालेली असली तरी, वाढीव डोस लागेल. जखम दाखवायला न्याल तेव्हा डॉक्टरांना आठवणीने विचारा.

त्या कुत्र्याच्या मालकांकडे तुम्हाला भांडायला जायचे नाही, हे मी समजू शकते. इतक्या वर्षांचा शेजार आहे. तरी दोन गोष्टी मागितल्याच पाहिजेत: त्या कुत्र्याच्या लसीचे पुस्तक, आणि येत्या बुधवारपर्यंत, म्हणजे चाव्यापासून १० दिवस, त्याला बांधून नजरेखाली ठेवण्याचा शब्द. इतके दिवस ते धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे धरता येते. पाळलेल्या जनावराबाबत हयगय करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे आणि त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्यांना धमकी म्हणून सांगू नका. त्यांनी टाळाटाळ केलीच, तर आपली बाजू काय आहे हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिले.

मोती आता फाटकापाशीच अडून बसतो, असे आई म्हणाली. त्याला ओढून त्या गल्लीत नेऊ नका. जखम भरेपर्यंत परसातच फिरवा, मग दुसऱ्या बाजूने, थोडे थोडे. मामांजवळ छातीवरून बांधायचा पट्टा दिला आहे. मानेवर ओढ येऊ नये म्हणून यापुढे तोच वापरा. सोबत तुमच्यासाठी लांब दांड्याची छत्रीही आहे. जुनीची काडी मोडली आहे, हे मला आईनेच सांगितले.

पुढच्या शनिवारी मी येते. तोवर मोतीची मलमपट्टी आईनेच करावी, बाबांनी नुसते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत समोर बसावे.

तुमची लेक