बाबांसाठी प्लेअर, आणि आईसाठीही

पुणे

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईने परवा सांगितलं की टेपरेकॉर्डर पुन्हा टेप गुंडाळायला लागलाय. पट्टा एकदा बदलून झाला, हेड झिजलंय, आणि असली दुरुस्ती मन लावून करणारी माणसं आता शोधावी लागतात. म्हणून धाकट्याशी बोलून ठरवलंय, की बाबा, तुम्हाला सदऱ्याच्या खिशात मावेल असा छोटा म्युझिक प्लेअर घ्यायचा. कुठला घ्यायचा यासाठी दुकानांत जाऊन बरेच हाताळून पाहिले. ते सगळं फोनवर सांगितलं तर तुम्ही "तू म्हणशील तो घे" म्हणून मोकळे व्हाल, आणि मला तसं नकोय. यंत्र रोज तुमच्या हातात असणार. सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा.

मोबाइल असताना आणखी एक वस्तू कशाला, हे तुम्ही विचारणारच. मोबाइलवर गाणं लागतं हे खरं, पण आलाप रंगात आला असताना बँकेचा मेसेज वाजतो, कुणाचा तरी फोन येतो, नाहीतर जाहिरात सुरू होते. इंटरनेटवरचं गाणं आज असतं, कंपन्यांचा आपसातला करार संपला की उद्या निघून जातं. आणि तुम्ही जे ऐकता त्यातलं निम्मं तिथे नाहीच. आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमातून तुम्ही रेडिओला वायर जोडून टेप केलेल्या मैफली, मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेत पुढे बसून केलेली रेकॉर्डिंग, ही आपल्या कपाटाखेरीज कुठे आहेत? ती आपल्याच कार्डावर, आपल्याच हातात राहायला हवीत.

आता प्लेअरबद्दल. यांची विक्री गाण्यांच्या संख्येवर चालते. २००१ साली पहिला आयपॉड आला तोच 'खिशात हजार गाणी' असं सांगत. आत ५ जीबीची डिस्क होती. तेव्हापासून सगळेच गाणी मोजतात, आणि मोजणाऱ्यांच्या मनातलं गाणं चार-पाच मिनिटांचं असतं. तुमचं एक गाणं म्हणजे पन्नास-पंचावन्न मिनिटांचा ख्याल. बाबा, तुमच्यासाठी यंत्र निवडताना माझ्या मते ही गोष्ट सगळ्यात वरची.

समजा, पहाटे तोडी लावलीत, चाळिसाव्या मिनिटाला दूधवाला आला म्हणून बंद केलीत. परत लावल्यावर ती कुठून सुरू होणार? कॅसेट जिथे थांबवली तिथूनच पुढे चालायची, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. पण बरेचसे स्वस्त प्लेअर बंद करून चालू केले की फाईल पहिल्यापासून वाजवतात, आणि मग बटण दाबून धरून चाळीस मिनिटं पुढे सरकवत बसायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या तीन-तीन मिनिटांच्या, त्या कुठल्याही यंत्रावर सुखाने वाजतील. अडचण येते ती किशोरीताई किंवा भीमसेनजी तासभर गातात तेव्हा. म्हणून दुकानात मी प्रत्येक प्लेअरवर एक लांबलचक फाईल लावून, मध्येच बंद करून, पुन्हा चालू करून बघते आहे. विक्रेत्याला वाटतं, या बाई गाणं का ऐकत नाहीत. काही प्लेअरमध्ये बोलक्या पुस्तकांसाठी वेगळा कप्पा असतो आणि त्यात टाकलेल्या फाईलची जागा यंत्र लक्षात ठेवतं. आपण तुमचे ख्याल त्याच कप्प्यात टाकायचे.

दुसरं म्हणजे बटणं. तुम्ही पहाटे दिवा न लावता ऐकता. काचेच्या गुळगुळीत पडद्यावर अंधारात बोटाला काही कळत नाही, आणि पडदा उजळला की आईची झोप मोडते. शिवाय थंडीत तुमच्या बोटांची कातडी इतकी कोरडी होते की मोबाइलसुद्धा तुमचं बोट ओळखत नाही. म्हणून बोटाला चाचपता येतील अशी, वर आलेली बटणं हवीत, आणि खिशात असताना ती चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून कुलूप लावायची सोय हवी.

आयपॉड घ्यावा असं धाकट्याच्या मनात होतं. पण ॲपलने २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद केला. आता मिळतात ते बहुतेक वापरलेले, आतली बॅटरी म्हातारी झालेले, आणि त्यात गाणी भरायला संगणकावरचं त्यांचंच सॉफ्टवेअर लागतं. तुम्ही तिथे आणि मी इथे, तेव्हा तो विचार सोडला.

सोनीचा वॉकमन अजून निघतो. कॅसेटचा नव्हे, डिजिटल. २०२३ साली आलेला एनडब्ल्यू-ए३०६ मी हातात घेऊन पाहिला. सुरेख वस्तू आहे. कडेला खरी बटणंही आहेत, एकदा चार्ज केला की ३६ तासांपर्यंत चालतो असं कंपनी सांगते, कार्डही बसतं. पण आत अँड्रॉइड आहे, म्हणजे पुन्हा मोबाइलसारखाच पडदा, अपडेट, खाती, पासवर्ड. बाजारात आला तेव्हा किंमत पंचवीस हजारांच्या घरात होती. पैशांचा विचार करू नका, ते आम्ही दोघं मिळून सहज करू. माझी हरकत वेगळी आहे. त्या किमतीतला मोठा भाग ज्या 'हाय-रेझोल्यूशन' आवाजासाठी असतो, तो आपल्या कॅसेटमधून येऊच शकत नाही.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण आवाजाशी तडजोड तुम्हाला कधीच चालली नाही आणि चालू नये. तरुण कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. साध्या सीडीतच तेवढं सगळं मावतं. वय वाढतं तशी वरची कंपनं आधी जातात. सत्तरीत दहा-बारा हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. आणि घरगुती कॅसेटवर मुळातच पंधरा हजारांपुढचं फारसं उतरत नाही. तेव्हा त्याहून बारीक जाळीचा आवाज विकत घेऊन त्यात ओतायला आपल्याकडे काही नाही.

पण उलट बाजूला मात्र मी जराही ढिलाई करणार नाही. फाईल लहान व्हावी म्हणून काही जण गाणी ६४ केबीपीएसवर दाबतात. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या एका सेकंदासाठी किती माहिती ठेवली त्याचं माप; आकडा लहान तेवढा आवाज जास्त छाटलेला. बोलण्याला ते चालून जातं. तंबोऱ्याचं मात्र वाटोळं होतं. आपण तंबोरे घडवणाऱ्या मिरजेचे, तुम्हाला काय सांगू? घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर जवारी काढतो, तेव्हा त्या एका तारेतून जी वरच्या स्वरांची प्रभावळ उठते, तिलाच फाईल दाबणारं सॉफ्टवेअर आधी छाटतं, कारण त्याला ती गरजेची वाटत नाही. मग तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा ऐकू येतो आणि गायकाच्या मागचा आधारच जातो. म्हणून तुमच्या सगळ्या कॅसेट मी २५६ केबीपीएसच्या एमपीथ्रीत उतरवणार. एक सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, साधारण १७० एमबीची होते. ३२ जीबीच्या कार्डात १८० च्या आसपास कॅसेट बसतील. कपाटातल्या सगळ्या मावून जागा उरेल.

कार्ड ३२ जीबीचंच घेणार, मोठं नाही. ६४ आणि त्यापुढची कार्डं वेगळ्या पद्धतीने आखलेली असतात आणि छोट्या प्लेअरना ती बरेचदा वाचताच येत नाहीत.

तर माझा कल सॅनडिस्कच्या क्लिप जामसारख्या प्लेअरकडे आहे. काडेपेटीएवढा, मागे चिमटा, पुढे छोटा पडदा आणि खरी बटणं. ८ जीबी आत, वर ३२ पर्यंतचं कार्ड. सुमारे १८ तास चालतो. दिसायला साधा आहे, पण तुमच्या पहाटेला हेच बरं. याच धर्तीचे दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत. त्यातल्या एखाद्याला यूएसबी-सीचं तोंड असेल तर मी तो घेईन, कारण ती पिन कशीही घातली तरी बसते आणि चष्मा शोधावा लागत नाही. बिननावाचे, बिनपडद्याचे रस्त्यावर मिळतात ते नकोच. त्यात पुढे कुठला राग येणार हे देवालाच ठाऊक. पडदा असला तरी देवनागरी नावांच्या जागी पुष्कळ प्लेअर नुसते चौकोन दाखवतात, म्हणून फाईलची नावं रोमन लिपीत देईन आणि आधी ०१, ०२ असे आकडे घालीन. नाहीतर १ नंतर १०, मग ११ आणि कितीतरी वेळाने २, असा क्रम लागतो.

बाबा, आता कानाचं. डाव्या कानात ऐकायचं यंत्र आहे म्हणून आत खुपसायचे इअरफोन तुम्हाला चालणार नाहीत. कानावरून बसणारा, मऊ गादीचा हेडफोन आणते आहे. तो यंत्रासकट बसतो, पण फार जवळ आला तर यंत्र शिट्टी मारतं, तेव्हा गादी खोल असलेलाच बघते आहे. डाव्या कानाला कमी येतं म्हणून सगळ्या फाईल मोनो करणार, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज. स्टिरिओत कुठे पेटी एका बाजूला असते आणि तबला दुसऱ्या, तसं झालं तर तुमची एक बाजू हरवेल. आवाजाची एक खूण सांगते. शेजारी बसलेल्या आईला हेडफोनमधलं गाणं ऐकू यायला लागलं की तो जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही सीमा सांगते. तुमचा उजवा कान चांगला आहे, तो तसाच राहू दे.

जुना ट्रान्झिस्टर मात्र कुणाला देऊ नका. या प्लेअरमधला रेडिओ फक्त एफएम असतो, मीडियम वेव्ह त्यावर लागत नाही. आणि तो एफएमसुद्धा हेडफोनची वायर लावली तरच धरतो, कारण ती वायरच त्याची एरियल असते.

आता आई, तुझ्यासाठी.

मी लहान असल्यापासून घरात बाबांनी लावलेलं गाणं वाजत आलंय. तू ते ऐकत आलीस, तुला ते आवडतंही. पण पोळ्या करताना तू गुणगुणतेस ते भावगीत असतं नाहीतर हरिपाठातला अभंग, आणि ते आपल्या घरात कुणी कधी तुझ्यासाठी लावलं नाही. याची मला फार खंत वाटते. म्हणून तुझं यंत्र वेगळं, तुझ्या हातातलं.

तुला खिशातला प्लेअर नको. स्वयंपाकघरात कानाला काही लावलं तर कुकरची शिट्टी आणि दाराची घंटा ऐकू येणार नाही, आणि हात ओले असतात. तुला छोटा स्पीकरवाला हवा. सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात पाच हजार गाणी भरूनच यायची. आता त्याची मराठी आवृत्तीही आहे आणि मिनी नावाचा तळहातावर मावणारा छोटा भाऊही. इंटरनेट नको, फाईल नको, नुसतं बटण दाबायचं. एक उणीव आहे. त्यात भरलेली गाणी त्याच कंपनीच्या साठ्यातली, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीची. तुझं एखादं आवडतं दुसऱ्या कंपनीचं असेल तर ते नसणार. त्यासाठी मागे पेनड्राइव्ह लावता येतो, तो मी भरून देईन. फक्त तुला काय हवं ते मला कळायला पाहिजे.

दोन्ही यंत्रं रविवारी दुपारी चार्जिंगला लावायची, संपेपर्यंत थांबायचं नाही. या बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होऊन कपाटात पडून राहिल्या की लवकर मरतात.

पुढच्या महिन्यात मी येते तेव्हा कॅसेटचं खोकं घेऊन जाईन. कुरिअरने पाठवू नका, उन्हाने टेप वाकडी होते. बाबा, तोवर एक काम करा. पुठ्ठ्यांवरची पेन्सिलीची अक्षरं पुसट झालीत, त्यावर राग, गायक आणि आठवत असेल तर साल पुन्हा शाईने लिहा. तुमच्याशिवाय ते कुणाला सांगता येणार नाही. कॅसेट उलटताना जिथे ताना तुटल्यात, तिथे मी काही जोडणार नाही. आणि मध्ये तुमची दाद ऐकू येते ती अजिबात काढणार नाही.

आई, तुझी यादी तू स्वतः लिही. बाबांना विचारून नको.

तुमची,
ताई