मेन स्विच बंद केला की अलार्मपण बंद

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद होतात ती थेट शिमग्याला उघडतात, आणि मधल्या महिन्यांत बंद घरं फोडल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात आम्ही मुंबईत बसून वाचतो. आता बऱ्याच चाकरमान्यांनी घराला अलार्म बसवलाय, मीपण बसवला. पण त्याच्या पेटीतलं पॅनेल, म्हणजे सगळ्या वायरी येऊन मिळतात तो कंट्रोल बोर्ड, कशावर चालतं आणि वायरी कशा जोडल्यात हे कोणी विचारत नाही आणि बसवणारा आपणहून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझं घर गुहागर तालुक्यात, नोकरी डोंबिवलीला. शेजारच्या घरातून तांब्याचे हंडे आणि घंगाळ गेलं तेव्हा घाबरून अलार्म लावून घेतला, दोन दारांना आणि खिडक्यांना मॅग्नेट (उघडलं की सर्किट तोडणारे चुंबकाचे स्विच), माजघरात आणि मागच्या खोलीत हालचाल टिपणारे सेन्सर, बाहेर वाशाखाली सायरन. गणपती आटपून निघताना गॅस बघितला, पंप बघितला, देवाला नमस्कार केला आणि वडील करायचे तसा शेवटी मेन स्विच खाली ओढला. शिमग्याला येऊन बघतो तर कीपॅड मेलेला, पेटीतली बॅटरी मल्टिमीटरवर चार व्होल्ट दाखवतेय आणि चार्जिंगला लावली तरी धरत नाही. म्हणजे सहा महिन्यांतला पहिला एखादा दिवस सोडला तर घराला राखण नव्हतीच.

हिशोब अगदी साधा आहे हो. पेटीत बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड अॅसिड बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड, चार-पाच सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर खात असतील तर कागदावर ३५ तास निघतात, प्रत्यक्षात नवीन बॅटरीसुद्धा दिवसभराच्या थोडं पुढे जाते एवढंच. ही बॅटरी लाईट गेल्यावर वेळ निभावायला असते, महिनोन्‌महिने घर सांभाळायला नाही. आणि साडेदहा व्होल्टच्या खाली जाऊन ती तशीच पडून राहिली की आतून खराब होते, मग लाईट देऊनही उपयोग नाही.

मेन बंद करायची सवय चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जुनं वायरिंग, पावसाळ्यात भिंतींना ओल, ऑक्टोबरमधल्या विजा, आपल्याकडे लोक मेन पाडतात ते कारणाशिवाय नाही. म्हणूनच लाईटच्या मीटरनंतर पण घराच्या मेनच्या आधी अलार्मसाठी वेगळा छोटा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) घ्यायला हवा, परवाना असलेल्या वायरमनकडूनच, सोबत नीट अर्थिंग आणि विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. घराचा मेन पडला तरी ही एक लाईन चालू राहते. माझं पॅनेल पडवीतल्या प्लगला लावलेलं होतं, तो प्लग कोणीही मोबाईल चार्ज करायला काढला असता!

दुसरी गोष्ट कळली ती आमच्या वाडीतल्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या काकांमुळे. त्यांनी नवीन बॅटरी जोडायला लावली (आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघून मगच, उलटी लागली तर फ्यूज नाहीतर बोर्ड जातो), मग मागच्या खिडकीच्या मॅग्नेटकडे जाणाऱ्या दोन वायरी सोलून एकमेकींना चिकटवल्या आणि मला म्हणाले, आता उघड खिडकी. मी सताड उघडली. कीपॅडवर सगळं ठीक! कारण प्रत्येक झोनच्या, म्हणजे दार-खिडकीकडे जाणाऱ्या एकेका वायर-जोडीच्या, शेवटी लावायचे रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा देणारे छोटे भाग) बसवणाऱ्याने पेटीतच लावून टाकले होते. खिडकी बंद असताना पॅनेलला तो ठरावीक रेझिस्टन्स दिसतो, उघडली की सर्किट तुटतं आणि अलार्म होतो. रेझिस्टर पार खिडकीपाशी असेल तर मध्येच कोणी वायर शॉर्ट केली, किंवा माळ्यावर उंदरांनी कुरतडून दोन तारा चिकटल्या, तरी रेझिस्टन्स शून्य होतो आणि पॅनेल ओरडतं. पेटीतच असेल तर वायर अशी शॉर्ट झाल्यावर खिडकी उघडी असली तरी पॅनेलला ती कायम बंद आणि ठीकच दिसणार. खिडकीपर्यंत जाऊन तो जोडायला पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढाच फरक. कुठे २.२ किलोओहम लागतो, कुठे ४.७, ते त्या पॅनेलच्या पुस्तकात असतं, ते पुस्तकसुद्धा मला कधी दिलं नव्हतं.

सायरनची तीच गत, २० मीटर टेलिफोनची बारीक वायर ओढलेली. सायरन अर्धा अँपिअर खेचतो आणि तेवढ्यात दोनेक व्होल्ट वायरीतच जिरतात, आवाज रस्त्यापर्यंत पोचेना. आता जाड तांब्याची वायर टाकलीय आणि २३० व्होल्टच्या पाइपातून काढून वेगळ्या पाइपातून नेलीय. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या जोडांवर हिरवा थर धरला होता, ते घासून परत सोल्डर केले आणि वायर पेटीत खालून घेतली म्हणजे पागोळ्यांचं पाणी वायरीवरून आत उतरणार नाही.

वाडीतल्या आणखी एका घरी तर बॅटरीला साधा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लावलेला सापडला, अशी बॅटरी भरायला साधारण १३.६ ते १३.८ व्होल्ट लागतात, म्हणजे ती पूर्ण भरतच नव्हती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेवढं कुठलीच छोटी बॅटरी ओढणार नाही हे मान्य, पण निदान लाईट गेली, बॅटरी उतरली हे दोन मेसेज मालकाच्या मोबाईलवर यायलाच हवेत, आणि त्यासाठी पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला नको.

तेव्हा अलार्म बसवणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती, पैसे घ्या पण मालकासमोर लाईट बंद करून बॅटरीवर सायरन वाजवून दाखवा, प्रत्येक दार-खिडकी उघडून दाखवा, झोनची वायर शॉर्ट करूनही दाखवा आणि बॅटरीवर मार्करने तारीख लिहा, आपल्या उकाड्यात ती तीनेक वर्षांनी बदलावीच लागते. आणि संपादक साहेब, गणपतीच्या परतीच्या आधी तुमच्या पेपरात यावर एक कोपरा द्या, गाड्यांची वेळापत्रकं छापता त्याच पानावर चालेल.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर (सध्या डोंबिवली)