सुमे, डबीची मागची बाजू वाच

पुणे,
१४ जुलै २०२५

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर ऑपरेशननंतरच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस, "गोळ्याच ना गं, घेईन की," आणि मी विषय बदलला. नंतर रात्रभर ते "घेईन की" डोक्यात घोळत राहिलं, कारण तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मीही अगदी त्याच सुरात ते म्हटलं होतं. म्हणून आज कागद घेऊन बसलेय. फोनवर बोलताना तू मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागतेस. पत्र निदान दोनदा वाचशील.

ऑपरेशनची धास्ती घेऊ नकोस. ते सर्जन करणार, तू झोपलेली असशील. लोकांसाठी मात्र तयार राहा. बायपास म्हटलं की सगळे छातीवर हात ठेवतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्यासाठी महिनाभर तेल-तूप सोडून बसल्या होत्या, आणि हा बायपास पोटाचा, वजन उतरवण्यासाठीचा आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तर आता गोळ्या. पोटाची पिशवी अंड्याएवढी करतात आणि अन्नाची वाट वळवून आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, हे तुला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलंच असेल. जो टप्पा वगळतात, नेमक्या तिथेच लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं. कात्रज बायपासने निघून गेलेल्या माणसाला लक्ष्मी रोडवरची खरेदी कशी जमणार? तसं आहे ते. बी-१२ ची तऱ्हा आणखी निराळी. अन्नातून सुटं व्हायला त्याला पोटातलं आम्ल लागतं, आणि पुढे शोषलं जायला पोटाच्या अस्तरातून येणारं एक प्रथिन लागतं. बायपासनंतर दोन्हीची बोंब. त्यात तू शाकाहारी, वर आठ वर्षं मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर, आणि ती गोळीही बी-१२ कमी करते. म्हणजे तू मुळातच अर्ध्या टाकीवर निघालीयस. ऑपरेशनच्या आधी बी-१२, व्हिटॅमिन डी आणि फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) तपासून घे. कमी असेल तर ते आधीच भरून काढता येतं.

आता माझा मूर्खपणा ऐक. अजयशिवाय कुणाला पूर्ण सांगितलेला नाही.

माझं ऑपरेशन डिसेंबर २०२१ चं. पहिलं वर्ष मी शाळेतल्या स्कॉलर मुलीसारखी वागले. फ्रिजवर तक्ता, मोबाइलवर गजर. एकतीस किलो उतरले, वर्षाचे रिपोर्ट सुरेख आले, आणि डोक्यात हवा गेली. "आता सगळं नॉर्मल आहे, मग कशाला?" अगं, गोळ्या चालू होत्या म्हणूनच ते नॉर्मल होतं, एवढी साधी गोष्ट मला, गणिताच्या बाईला, कळली नाही! आधी बी-१२ ची इंजेक्शनं बंद केली. मग मल्टिव्हिटॅमिनच्या जागी बायकांसाठीच्या त्या गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गमी आणल्या. चघळायला मस्त. पाकिटावर हसरी बाई. मागची बारीक अक्षरं मी वर्षभर वाचली नाहीत. वाचली तेव्हा कळलं की त्यात लोह अजिबात नव्हतं, बी-१ नव्हतं, आणि बी-१२ होतं ते धडधाकट पोटाच्या माणसापुरतं.

बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. इथेच माणूस फसतो. आज गोळी बंद केली की उद्या काही होत नाही. पुढच्या महिन्यात नाही, सहा महिन्यांनीही नाही. मला आधी थकवा आला, तो मी परीक्षांच्या पेपरांवर ढकलला. मग तळपायांना मुंग्या आल्या, त्याचा दोष नव्या चपलांना दिला.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. सकाळी नेहमीसारखी पर्वती चढत होते. त्या १०३ पायऱ्या मी तोवर न थांबता चढायला लागले होते आणि त्याची मला कोण घमेंड. निम्म्यावर मागून एका मुलाने हाक मारली, "अहो काकू, तुमची चप्पल!" वळून पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल सात-आठ पायऱ्या खाली पडलेली. थंडीचे दिवस, दगड गार पडलेला, आणि मी त्याच्यावरून अनवाणी पायाने चढत आले होते. मला पत्ताच नव्हता. त्या मुलाने चप्पल आणून दिली. मी तिथेच बसले आणि पायाच्या अंगठ्याला चिमटा काढून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा अंगठा असावा तसा.

रिपोर्टमध्ये बी-१२ १३२, हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ६. तिन्ही आकडे पार खाली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बंद कधी केलंत?" मग आधी एक दिवसाआड, नंतर आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शन. लोह तर शिरेतून द्यावं लागलं. मुंग्या हळूहळू गेल्या, पण डाव्या अंगठ्याची कड अजून थोडी बधिर आहे. नस जास्त दिवस उपाशी राहिली तर सगळं परत येईलच असं नसतं.

म्हणून डबीची मागची बाजू वाच. पुढची बाजू विकणाऱ्यासाठी असते.

कॅल्शियमचंच घे. आपल्याकडे सर्रास मिळतं ते कार्बोनेट. त्याला विरघळायला आम्ल लागतं आणि आम्ल तर तुझं कमी होणार. आपल्याला हवं सायट्रेट. मी पहिल्यांदा पेठेतल्या एका दुकानात मागितलं तेव्हा मालकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम." आणि एकला पाच कमी होती, म्हणून शटर ओढलं! (तू सांगलीत सुखी आहेस.) आता दुसऱ्या एकांकडे महिन्याचं सांगून ठेवलंय, ते मागवून देतात. आणखी एक मेख आहे. पाकिटावर "कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ." असं लिहिलेलं असलं तरी त्यात खरं कॅल्शियम साधारण पाचवा हिस्सा असतं. मागे 'एलिमेंटल कॅल्शियम' असं लिहितात तो आकडा बघायचा. आपल्याला अन्न धरून दिवसाला १२०० ते १५०० मि.ग्रॅ. लागतं, आणि एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट घेत नाही. म्हणून एकदम गिळून मोकळं होता येत नाही, तीनदा विभागून घ्यावं लागतं.

आमच्या सासूबाई म्हणायच्या, गोळ्या कसल्या खातेस, नाचणी खा, शेवग्याचा पाला खा. त्यांचं चुकत नव्हतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मि.ग्रॅ.च्या आसपास कॅल्शियम असतं. पण १०० ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या होतात आणि मला आजही अर्धी भाकरी जड जाते. त्यात आधी प्रथिनं खायची, दिवसाला साठेक ग्रॅम तरी. पनीर, डाळ, दही झालं की जागा संपली. नाचणीला कुठे बसवू?

आणि रक्तातलं कॅल्शियम चांगलं आलं म्हणून खूश होऊ नकोस. रक्तात कमी पडलं की शरीर ते हाडांतून उचलून आणतं आणि रिपोर्ट छान दिसतो. म्हणून सोबत पीटीएच नावाची तपासणी आणि व्हिटॅमिन डी करतात. पीटीएच वाढलेलं असलं तर समजायचं की हाडांच्या तिजोरीतून उचल चालू आहे. डी च्या ६०,००० युनिटच्या पुड्या डॉक्टर सांगतील तितक्याच घे, हात सैल सोडू नकोस. ते चरबीत साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही.

लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या जावा आहेत. एका वेळी स्वयंपाकघरात नकोत. मध्ये दोन तास तरी ठेव. चहाचंही लोहाशी पटत नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. फिरून आल्यावर टिळक रोडच्या अमृततुल्यात उभ्या उभ्या चहा, हा तीस वर्षांचा नेम. पहिल्या वर्षी तर मी लोहाची गोळी त्या चहाबरोबरच घ्यायचे, वर स्वतःचं कौतुक करायचे की बघा, विसरत नाही! आता सात वाजता लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा नऊला. दुपारी जेवल्यावर मल्टिव्हिटॅमिन आणि डी. मग चार, सात आणि दहाला कॅल्शियम. बायपास झालेल्या आणि पाळी चालू असलेल्या बायकांना लोह दिवसाला ४५ ते ६० मि.ग्रॅ. सांगतात. तुझं किती ते डॉक्टर ठरवतील, माझं बघून घेऊ नकोस. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. मात्र डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं झालं तर लगेच दाखव, ते लोहाचं नसतं.

पहिले काही आठवडे सगळं चघळायचं किंवा पातळ मिळेल. मोठी गोळी मुळीच गिळू नकोस. मी तिसऱ्या आठवड्यात शहाणपणा करून कॅल्शियमची अख्खी गोळी गिळली. ती छातीच्या मधोमध बसली. तोंडात नुसता फेस, ना वर ना खाली, आणि बाहेर हॉलमध्ये अजयची आत्या भेटायला आलेली. वीस मिनिटं बेसिन धरून उभी होते.

आता एकच गोष्ट गंभीरपणे सांगते. उलट्या. एखादी झाली तर ठीक, जरा भरभर खाल्लं की होते. पण दोन-तीन दिवस पोटात काही टिकत नसेल तर "बघू उद्या" करायचं नाही. बी-१ चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं होणं असं सुरू होतं, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावायला निघालं तर सांगायचं, आधी थायमिन, म्हणजे हेच बी-१. मी पर्समध्ये चिठ्ठीच ठेवलीय: पोटाचा बायपास, साल, उलट्या असल्यास ग्लुकोजच्या आधी थायमिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. त्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. तुझी गुडघ्याची गोळी कुठली आहे ते आत्ताच विचारून ठेव.

केस गळतील. चौथ्या महिन्याच्या सुमारास विंचरताना पुंजके हातात येतील आणि तू रडशील. वजन झपाट्याने उतरलं की होतंच, पुढे परत येतात. मी तेव्हा घाबरून बायोटिनच्या जबर डोसच्या गोळ्या आणल्या. केसांचं काही झालं नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट असा काही विचित्र आला की डॉक्टर चक्रावले. बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतं. बंद करून पुन्हा रक्त दिलं, थायरॉइड ठणठणीत.

श्रावण तोंडावर आलाय आणि तुझं ऑपरेशन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सोमवार सोडशील ना? साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं ती किती! महादेव समजून घेईल, तुझ्या सासूबाईंशी हवं तर मी बोलते.

खर्च विचारत होतीस. तपासण्या सोडून मला महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतो. तपासण्या पहिल्या वर्षी तीन-चार वेळा, मग वर्षातून एकदा, कायमच्या. मी त्या माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात करते, म्हणजे विसरायला निमित्त उरत नाही. अजय म्हणतो, तुला केकऐवजी सुई.

निखिल शनिवारी सांगलीला येतोय, त्याच्याबरोबर गोळ्यांची डबी पाठवतेय. आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकात चार खण. माझीच जुनी आहे, धुऊन उन्हात वाळवलीय. शुक्रवारचं झाकण घट्ट बसतं, चमच्याच्या टोकाने उघड, नखाने नको.

काकूंना नमस्कार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येतेच.

तुझी,
वैशू

ता.क. या वर्षी बेदाणे पाठवू नकोस. मागच्या खेपेला मूठभर खाल्ले, एवढी साखर एकदम आतड्यात उतरली आणि अर्ध्या तासात दरदरून घाम, छातीत धडधड, सरळ आडवी झाले. निखिल घरी नव्हता म्हणून वाचले, नाहीतर त्याने रुग्णवाहिका बोलावली असती. हळद मात्र चालेल, दोन किलो.