पीएचडीवाल्यांसाठी प्लेसमेंट सेल कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या पीएचडीधारकांच्या व्यथा आणि सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी (फेलोशिप) होणारी आंदोलने यांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्या मागण्या रास्तच आहेत. पण उद्या प्राध्यापकांच्या सगळ्या रिक्त जागा भरल्या, तरी पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला महाविद्यालयात नोकरी मिळणार नाही, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे आणि त्यांच्या गाइडनाही. उरलेल्यांनी जायचे कुठे, यावर मात्र कुणी बोलत नाही. मी अंबरनाथमधल्या एका औषध-रसायन कंपनीच्या संशोधन विभागात आहे. उमेदवारांच्या मुलाखती घेणे हा कामाचाच भाग असल्याने टेबलाच्या या बाजूने जे दिसते ते लिहितो.

सेंद्रिय रसायनशास्त्रातला उमेदवार येतो. चांगल्या जर्नलमध्ये पेपर असतात, फळ्यावर अभिक्रिया सुरेख उलगडून दाखवतो. मग आम्ही विचारतो, ‘शेवटची स्टेप जास्तीत जास्त किती ग्रॅमवर केलीत?’ ‘सर, दोनशे मिलिग्रॅम.’ ‘शुद्ध कशी केलीत?’ ‘कॉलम.’ (म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून द्रावकाबरोबर सोडून पदार्थ वेगळा करणे.) ‘हेच पन्नास किलोच्या बॅचला करायचे आहे, कॉलम परवडणार नाही. काय कराल?’ इथे गाडी अडते. थोडा धीर दिला की तोच मुलगा द्रावक बदलून पाहू, स्फटिक पाडता येतात का बघू, उणे ७८ अंशांची अट टाळता येईल का, असे एकेक पर्याय आपणहून मांडू लागतो. म्हणजे डोके आहे. पाच वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो, इतकेच. डायक्लोरोमिथेन या द्रावकाचा किलोचा भाव काय, वापरून झाल्यावर ते जाते कुठे, हे विषय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निघतच नाहीत. बायोडेटाचीही तीच तऱ्हा. परिषदांमधल्या पोस्टरांची यादी दोन पाने, आणि बंद पडलेले एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) स्वतः उघडून चालू केले, ज्युनियर मुलांना हाताशी धरून शिकवले, याचा कुठे उल्लेखच नाही. आम्हाला हवे असते नेमके ते!

करिअर मार्गदर्शन म्हणून बहुतेक ठिकाणी जे होते, ते प्रबंध सादर झाल्यावरचे अर्ध्या दिवसाचे व्याख्यान. लिंक्डइनवर फोटो कसा लावावा, मुलाखतीला काय घालावे वगैरे. प्लेसमेंट सेल एमबीए आणि इंजिनीअरिंगवाल्यांसाठी. संशोधक विद्यार्थ्याला ‘तुमचे गाइड बघतील’ असे सांगून वाटेला लावले जाते. गाइड स्वतः पीएचडी, पोस्टडॉक, प्राध्यापक या एकाच वाटेने आलेले. त्यांची कंपनीत ओळख असणार तरी कुणाशी? काहींच्या मते तर कंपनीत गेलेला विद्यार्थी वाया गेला. डॉ. रेड्डीज ही कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतूनच (एनसीएल) पीएचडी झाले होते, याची अशा वेळी आठवण करून द्यावीशी वाटते.

वेगळे करून पाहणाऱ्यांची उदाहरणे आहेत. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१३ पासून ‘बेस्ट’ या कार्यक्रमाखाली १७ संस्थांना अनुदान दिले, ते संशोधकांना प्राध्यापकीपलीकडची कामे पीएचडी चालू असतानाच पाहता यावीत म्हणून. कॅनडात मायटॅक्स या संस्थेमार्फत विद्यार्थी काही महिने कंपनीच्याच प्रश्नावर काम करतो. आपल्याकडे पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप २०१२ पासून आहे. तिच्यात निम्मा वाटा कंपनी उचलते, पण जागा अख्ख्या देशात वर्षाला फार तर १००. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी इंडियाबायोसायन्स ही संस्था कार्यशाळा घेते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी), म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्राध्यापकांनी उद्योगांचे प्रश्न हाती घेण्याची परंपरा जुनी आहे आणि तिथल्या मुलांत तो फरक जाणवतो. पण नांदेड, जळगाव, अमरावतीच्या विद्यापीठ विभागातल्या मुलापर्यंत यातले काय पोहोचते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स सर्व पीएचडी विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. त्याच धर्तीवर उद्योगाचाही एक कोर्स काढा, असे मी म्हणणार नाही. त्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळायला वेळ लागणार नाही. हवे आहेत ते तिसऱ्या वर्षातले तीन महिने. कारखान्याच्या किलो लॅबमध्ये (जिथे प्रक्रिया आधी काही किलोंवर करून पाहतात), तपासणी प्रयोगशाळेत नाहीतर पेटंटचे काम करणाऱ्या फर्ममध्ये. ते पीएचडीच्या कालावधीतच धरावेत आणि तेवढ्यासाठी तिसऱ्या वर्षापासून मिळणारे सीनियर रिसर्च फेलोशिपचे (एसआरएफ) दरमहाचे ४२ हजार थांबू नयेत. चौथ्या वर्षानंतर उपयोग नाही, तेव्हा मुलगा प्रबंध सोडून दुसरीकडे बघायच्या मनःस्थितीतच नसतो. गुप्ततेच्या कराराची अडचण खरी आहे: गाइडना पेपर हवा, कंपनीला पेटंट, आणि कागद कायदा विभागात महिनोन् महिने पडून राहतो. विद्यापीठांनी मिळून एकच साचेबंद करारनामा तयार केला तर निम्मी दिरंगाई तिथेच संपेल.

कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. जाहिरातीत ‘उद्योगातील दोन-तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे छापायचे आणि पीएचडीची पाच वर्षे शून्य धरायची, ही आमच्या क्षेत्रातली सर्रास रीत. एमएस्सी होऊन लगेच रुजू झालेल्याच्या हाताखाली, तिशीला आलेला, त्याच विषयात पीएचडी केलेला माणूस बसतो आणि वर्षभरात सोडून जातो. मग एचआरवाले म्हणतात, पीएचडीवाले टिकत नाहीत! निदान तीन वर्षे तरी अनुभव म्हणून धरा. त्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

अंबरनाथ, तळोजा, महाड, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत पीएचडी करून आलेली बरीच मंडळी आहेत. एखाद्या शनिवारी विद्यापीठात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे बायोडेटा वाचायला, प्रश्न विचारायला त्यातले अनेक जण मानधनाशिवायही तयार होतील. माझ्या ओळखीतले काही तर आजच तयार आहेत. बोलावणे विभागप्रमुखांकडून यायला हवे.

आपला विश्वासू,
एक वाचक, अंबरनाथ
(कंपनीच्या नियमांमुळे नाव छापू नये, ही विनंती.)