आपल्या चार सिस्टरसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

नाईट संपवून घाईत लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

शिवडी-परळ भागातल्या आपल्या चार सिस्टर टीबी वॉर्डात ड्यूटी करता करता स्वतःच एमडीआरच्या पेशंट झाल्या, हे एव्हाना सगळ्यांना कळलं आहे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा हा टीबी. पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं, वर महिनोन्‌महिने इंजेक्शनं. कित्येकांचे कान जायचे. आता चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे आणि सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. मग पैसे कशाला, असं आपल्याच कार्यकारिणीत एकाने विचारलं. तर ऐका. चौघींपैकी तिघी कंत्राटी, ड्यूटी नाही तर पगार नाही. निक्षय पोषण या सरकारी मदतीच्या १००० रुपयांत महिन्याचं दूध-अंडी कसंबसं भागतं. भाडं, मुलांची फी, ईसीजीला जायची टॅक्सी कुठून आणायची? त्या चार औषधांतल्या लिनेझोलिडने एकीचे पाय इतके बधिर झालेत की परवा जिन्यात चप्पल निसटली, ते घरात शिरेपर्यंत तिला पत्ता नाही. शेजारच्या छोकरीने मागून आणून दिली.

२०२० साली आपण काय केलं ते आठवा. गणेशोत्सव मंडळाने आरास रद्द करून सगळी वर्गणी आपल्याकडे वळवली. निवृत्त मेट्रनबाईंनी पेन्शनमधून पीपीई किट घेऊन दिली आणि पावतीवर नाव नको म्हणून खजिनदारांशी भांडल्या. (नाव आम्ही तरीही घातलं नाही, बाई!) पोळीभाजी केंद्राच्या वहिनींनी क्वारंटाइनमधल्या सिस्टरना ४१ दिवस डबे पोचवले, एकाचेही पैसे घेतले नाहीत. शेवटच्या डब्यात पुरणपोळी होती, त्यावर तुपाची वेगळी पुडी. तिचा विषय अजून ड्यूटीरूममध्ये निघतो.

आणि गेल्या दिवाळीत याच कामाचं पत्रक दीडशे घरांत टाकलं, तर फाटल्या अकरा पावत्या. २२ मार्च २०२० ला थाळ्या याच गॅलऱ्यांतून वाजल्या होत्या. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करताच गेल्या. १० मार्चला त्यांच्या फोटोला हार घालायला मात्र आपल्याकडे रांग लागते.

गरज १,८०,००० रुपये, जमा ४६,५००. रोख किंवा चेक ऑफिसात, संध्या. ६ ते ८, गुरुवार बंद. क्यूआर कोड फलकावर. शिधा चालेल, पण तांदूळ नको, मागचाच पडून आहे; डाळी, शेंगदाणे, अंडी द्या. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. महिनाअखेरच्या आत द्या, एकीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं आहे.

चौघींची थुंकी निगेटिव्ह आली आहे. घरी जाऊन चहा प्यायला कुणाची हरकत नसावी. दुपारी २ ते ४ तेवढं टाळा, औषध घेऊन त्या झोपलेल्या असतात.

आपली,
सचिव